लक्ष्मी रोडवर नेता येईल असा प्रोसेसर: पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना खुलं पत्र

प्रति,
पुणे परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे इलेक्ट्रॉनिक्स व संगणक विभागप्रमुख आणि प्रकल्प मार्गदर्शक यांस,

स.न.वि.वि.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवलेल्या मुलांचं आणि मोठ्यांचं मॅपिंग करणं, म्हणजे ते यंत्र ज्याच्या-त्याच्या कानाला जुळवून देणं, हे माझं रोजचं काम. दरवर्षी पावसाळा सरता सरता तुमच्यापैकी कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची चार मुलं माझ्या दारात उभी राहतात. विषय ठरलेला: कॉक्लिअर इम्प्लांटसाठी स्पीच प्रोसेसिंग. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एका वाक्याची ध्वनिफीत घेतलेली असते, बहुतेक वेळा कुणा इंग्रज बाईंच्या आवाजातली. तिचे कमी-जास्त वारंवारतेचे पट्टे पाडलेले असतात, प्रत्येकाचं एन्व्हलप (जोराचा चढउतार) काढलेलं असतं, रंगीत आलेख छापलेले असतात. आणि विनंती एकच असते: "मॅडम, क्लिनिकल व्हॅलिडेशन म्हणून तुमची सही मिळेल का?"

सही मी देत नाही. चहा देते. मुलं हुशार असतात, तासभर बसली की असे प्रश्न विचारतात की मलाच उत्तरं शोधावी लागतात. मे महिन्यात ती पास होऊन हिंजवडीला किंवा बेंगळुरूला जातात, रिपोर्ट विभागाच्या कपाटात जातो आणि पुढच्या पावसाळ्यात नवी चार मुलं त्याच विषयाचा पहिला धडा पहिल्यापासून गिरवायला घेतात.

हे पत्र त्या मुलांबद्दल तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही त्यांना आखून दिलेल्या विषयाची हद्द स्क्रीनपाशी संपते, माझा आक्षेप त्या हद्दीला आहे. हे काम अंगावर घालून फिरता येईल अशा यंत्रावर आणा आणि मराठीत आणा, एवढंच माझं मागणं. दोन्ही गोष्टी पुण्यात होण्यासारख्या आहेत. त्या का व्हायला हव्यात, ते जरा सविस्तर सांगते.

इम्प्लांटचे दोन भाग असतात. आतला भाग शस्त्रक्रियेने कानामागच्या हाडात बसवतात आणि त्याची इलेक्ट्रोडवाली तार कॉक्लिआच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, वेटोळ्यात सरकवतात. कॉक्लिअर या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या तारेवर २२ इलेक्ट्रोड असतात, ॲडव्हान्स्ड बायॉनिक्सच्या तारेवर १६, ऑस्ट्रियाच्या मेड-एलच्या तारेवर १२. हा भाग एकदा बसला की तो तिथे वर्षानुवर्षं बिनतक्रार राहावा हीच सगळ्यांची इच्छा; लेकराच्या डोक्यातलं हार्डवेअर कुणी हौसेने बदलत नाही. बाहेरचा भाग म्हणजे कानामागे अडकवलेला प्रोसेसर आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी कॉइल. हा भाग मात्र सरळसरळ एक छोटा संगणक आहे. आवाजाचं काय करायचं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, कुठल्या इलेक्ट्रोडला कधी किती प्रवाह द्यायचा, हे सगळं या बाहेरच्या डबीतला प्रोग्रॅम ठरवतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. अपंगांना सहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून दरवर्षी ५०० मुलांना इम्प्लांट देण्याची तरतूद झाली. एका संचासाठी ६ लाख रुपयांची मर्यादा होती आणि मुंबईचं अली यावर जंग राष्ट्रीय संस्थान ही त्याची नोडल संस्था. त्या सुरुवातीच्या तुकड्यांतली मुलं आज माध्यमिक शाळेत आहेत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते आहे. त्यांचं ऐकणं आता सुधारायचं तर ते बाहेरच्या प्रोग्रॅममधूनच सुधारणार. तो प्रोग्रॅम कंपनीच्या कुलपात आहे आणि नव्या पिढीचा प्रोसेसर घ्यायचा तर खर्च लाखांत जातो. पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पालक मला विचारतात. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नसणार. पण प्रोग्रॅम कसा चांगला करता येईल हा प्रश्न तुमच्या आवाक्यातला आहे.

तो प्रोग्रॅम करतो तरी काय? सर्वांत जास्त वापरात असलेल्या पद्धतींपैकी 'एस' (ACE) नावाच्या एका पद्धतीचं उदाहरण घेऊ. माइकमधून आवाज येतो, सेकंदाला सुमारे १६ हजार नमुने. १२८ नमुन्यांच्या तुकड्यावर एफएफटी (आवाजातल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) करून त्याचे २२ पट्टे पाडायचे, साधारण १९० हर्ट्झपासून ८ हजार हर्ट्झपर्यंत. त्या घटकेला ज्या पट्ट्यांत जास्तीत जास्त जोर आहे ते ८ निवडायचे आणि बाकीचे १४ चक्क सोडून द्यायचे. निवडलेल्या पट्ट्यांचा जोर लॉगरिदमच्या अंगाने दाबून त्या माणसाच्या टी आणि सी पातळ्यांच्या मधे बसवायचा. टी म्हणजे जेमतेम ऐकू येतं ती पातळी, सी म्हणजे मोठं वाटतं पण सोसवतं ती. या पातळ्या एकेका इलेक्ट्रोडसाठी काढणं म्हणजेच माझं मॅपिंग. मग प्रत्येक निवडलेल्या इलेक्ट्रोडला एक पल्स द्यायची: २५ मायक्रोसेकंद एका दिशेने प्रवाह, आणि लगेच तेवढाच उलट दिशेने, म्हणजे आतल्या पेशींपाशी विद्युतभार साचून राहत नाही. एका वाहिनीला, म्हणजे एका निवडलेल्या इलेक्ट्रोडला, सेकंदाला ९०० पल्स हा नेहमीचा दर धरला तर आठ वाहिन्यांच्या मिळून ७,२०० पल्स झाल्या. त्या एकदम द्यायच्या नाहीत, एकीमागून एक द्यायच्या, कारण कॉक्लिआतल्या द्रवात दोन इलेक्ट्रोडचे प्रवाह एकमेकांत मिसळतात. ही आळीपाळीची युक्ती ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'नेचर'मध्ये मांडली आणि नुसत्या इम्प्लांटवर, ओठ न वाचता, बोलणं समजणाऱ्यांची संख्या वाढली. विल्सन, मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क आणि ऑस्ट्रियाच्या इंगेबोर्ग होखमायर यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला तो याच सगळ्या कामासाठी.

हे वाचून तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही वाटेल की यात अवघड काय आहे. गणितात काही अवघड नाही. १९९१ मध्ये याच शहरात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला; २२ पट्ट्यांच्या एफएफटीला परम लागत नाही, खिशातला फोन पुरतो. अडचण आहे ती वेळेच्या बांधिलकीत, आणि त्याहून मोठी अडचण माणसाच्या मेंदूत आहे.

मेंदूचं आधी सांगते, कारण अभियंत्यांच्या हातून नेमकं तेच निसटतं. इम्प्लांटवरच्या संशोधनात बराच काळ टेबलावरची यंत्रणा वापरली गेली आणि आजही वापरली जाते. इन्सब्रुक विद्यापीठाचं आरआयबी-२, ॲडव्हान्स्ड बायॉनिक्ससाठीचं बीईडीसीएस, कॉक्लिअर कंपनीचं एनआयसी ही त्यातली नावं. संगणकाला जोडलेली कॉइल स्वयंसेवकाच्या डोक्याला लावायची, आधीच तयार करून ठेवलेले पल्सचे क्रम वाजवायचे, तो काय सांगतो ते टिपायचं. एका इलेक्ट्रोडचा आवाज दुसऱ्यापेक्षा उंच वाटतो का, दोन पल्समधली किती छोटी फट कळते, असल्या मूलभूत प्रश्नांना ही पद्धत उत्तम. पण नवी प्रक्रियापद्धती जुनीपेक्षा चांगली आहे का, हे ठरवायला ती अपुरी पडते. नवा चष्मा लागल्यावर पहिले दोन दिवस पायरी खोल दिसते, तसंच कानाचं आहे. काल बदललेला मॅप आज नकोसा वाटतो आणि पंधरवड्याने तोच माणूस म्हणतो, "जुना परत नका लावू." पाच-दहा वर्षं एका पद्धतीने ऐकलेल्या मेंदूला तुम्ही तासभर दुसरी पद्धत ऐकवली तर तो जुनीच्या बाजूने कौल देणार. त्या कौलावर विश्वास ठेवून किती चांगल्या कल्पना मोडीत निघाल्या असतील कोण जाणे! नव्या पद्धतीला न्याय द्यायचा तर ती माणसाच्या अंगावर दिवसेंदिवस राहिली पाहिजे: घरी, कामावर, बसमध्ये, फोनवर. यंत्र नेता-आणता येणारं हवं, ते एवढ्यासाठी.

मेलबर्नच्या संशोधकांनी स्पिअर-३ हा अंगावर बाळगता येणारा संशोधन प्रोसेसर केला होता. कामाचा होता, पण त्याच्यासाठी असेंब्ली भाषेत प्रोग्रॅम लिहावा लागे, म्हणजे श्रवणशास्त्राच्या माणसाने आधी वर्षभर डीएसपी (ध्वनीसारख्या संकेतांवर प्रक्रिया करणाऱ्या) चिपची मनधरणी करायची. टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस इथल्या प्रयोगशाळेत फिलिपोस लोइझू यांनी वेगळा रस्ता धरला. तेव्हा बाजारात पीडीए नावाचे हातात मावणारे संगणक मिळत. त्यातला एचपीचा आयपॅक त्यांनी घेतला, त्याच्या मेमरी कार्डच्या खाचेत बसेल असा एक बोर्ड बनवला आणि प्रक्रिया सी भाषेत लिहिता येईल अशी सोय केली. लोइझू २०१२ मध्ये अकाली गेले. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सोडलं नाही. पीडीएवरच्या या मंचाचा तपशील २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जॉन हॅन्सन यांच्या गटाने पुढे सीसीआय-मोबाइल नावाचा मंच उभा केला. त्यात एका बाजूला तुमचा नेहमीचा अँड्रॉइड फोन, टॅबलेट किंवा लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला एफपीजीए (आतली जोडणी आपल्याला हवी तशी करून घेता येणारी चिप) असलेला बोर्ड, आणि त्या बोर्डातून दोन्ही कानांच्या इम्प्लांटना एकाच ठोक्यावर संकेत.

या रचनेतली कामाची वाटणी मला फार आवडते. फोन हिशेब करतो, वेळ मात्र एफपीजीए पाळतो. फोनला वेळ पाळता येत नाही. मधेच कॉल येतो, कुठलं तरी ॲप जागं होतं, अँड्रॉइड आपल्या मर्जीने तुमच्या प्रोग्रॅमचं काम क्षणभर बाजूला ठेवतो. व्हिडिओत तो क्षण कुणाला दिसतही नाही. इथे मात्र ठरलेल्या क्षणी ठरलेल्या रुंदीची पल्स गेली नाही तर एक तर ऐकण्यात भोक पडतं किंवा त्याहून वाईट काहीतरी होतं. म्हणून पल्सचा काळ, तिचा समतोल, सी पातळीच्या वर काहीही जाणार नाही याची राखण, आणि फोन गप्प झाला तर शांतपणे थांबणं ही सगळी जबाबदारी अशा वेगळ्या बोर्डावर टाकणं शहाणपणाचं. माझ्याकडे येणारी मुलं "आम्ही याचं ॲप बनवू" म्हणतात तेव्हा मी त्यांना हा परिच्छेद तोंडी ऐकवते. ॲप ही त्या कामाची अर्धी बाजू आहे.

आता पुण्याचं. मी तुम्हाला इम्प्लांट बनवा असं सांगत नाही. देशी इम्प्लांटवर विशाखापट्टणमला डीआरडीओच्या प्रयोगशाळेने काम केलं आहे. ते चार विद्यार्थ्यांचं आणि दोन सत्रांचं काम नव्हे. कुठल्याही मुलाचा चालू प्रोसेसर उघडा, त्याच्या कॉइलला काही जोडून बघा, असंही कुणी मनात आणू नये. माझ्या टेबलावर तसली "प्रयोगाची" कल्पना घेऊन कुणी आलं तर त्याला चहासुद्धा मिळणार नाही. पहिलं वर्षभर तुम्हाला इम्प्लांटची गरजच नाही.

कारण ऐकू येणाऱ्या कानांवर बरंच काही करता येतं. रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की बोलण्याचे फक्त चार पट्टे केले, प्रत्येकाचा चढउतार ठेवून आतला मूळ स्वर काढून टाकला आणि त्या जागी नुसती खरखर भरली, तरी शांत खोलीत ऐकणाऱ्याला बहुतेक वाक्यं समजतात. असे पट्टे पाडून पुन्हा आवाज घडवणाऱ्या प्रोग्रॅमला व्होकोडर म्हणतात, आणि त्यावर जगभर संशोधन चालतं. तुमची मुलं हा व्होकोडर मॅटलॅबमध्ये करतातच. तो हातात धरता येईल अशा यंत्रावर, जिवंत आवाजावर, कानाला न खटकेल इतक्या कमी विलंबाने चालवून दाखवा. लागणारं बरंचसं सामान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास मिळेल. उरलेलं मागवता येईल. शून्यापासून सुरुवात करायचीही गरज नाही. जर्मनीत ओल्डेनबुर्गला तयार झालेलं ओपन-एमएचए हे खुलं सॉफ्टवेअर बीगलबोनसारख्या छोट्या बोर्डावर चालतं, टिम्पॅन नावाचा खुला श्रवणयंत्र-मंच टीन्सी बोर्डावर उभा आहे. पवईला आयआयटीतही स्मार्टफोनवर श्रवणयंत्राची प्रक्रिया चालवण्याचं काम झालेलं आहे. हे सगळं श्रवणयंत्रांसाठीचं खरं, पण माइकपासून पट्ट्यांपर्यंतचा अर्धा रस्ता तोच आहे.

असं यंत्र तयार झालं की त्याचे पहिले गिऱ्हाईक पालक आणि शिक्षक असतील. वर्गात चार पंखे फिरत असताना, फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंचं इम्प्लांटवाल्या मुलाला काय ऐकू येत असेल, हे मी शिक्षकांना सांगून सांगून थकले. हेडफोन लावून त्यांना स्वतः दहा मिनिटं त्या वर्गात बसवता आलं तर माझी निम्मी भाषणं वाचतील. (हा खेळ आहे, संशोधन नव्हे, इम्प्लांटवर खरोखर "असंच" ऐकू येतं असा दावा मात्र करू नका. एका कानाने ऐकू येणारे काही इम्प्लांटधारक दोन्हींची तुलना करून सांगतात, आणि ती वर्णनं व्होकोडरशी नेहमी जुळत नाहीत.)

मराठीचा मुद्दा मात्र खेळाचा नाही. या पद्धतींची पारख मुख्यतः इंग्रजीसारख्या ज्या भाषांवर झाली त्यांत ट आणि त वेगळे नाहीत, क आणि ख यांनी शब्द बदलत नाही, ळ तर नाहीच. आमच्याकडे 'पाट' आणि 'पाठ', 'दार' आणि 'धार', 'माल' आणि 'माळ', 'गाव' आणि 'घाव', 'मन' आणि 'मण' हे वेगळे ऐकू यावे लागतात. 'ताक' ऐकायचं तिथे 'टाक' ऐकू आलं तर घरात काय होईल ते सांगायला नको. अभियंत्याच्या नजरेने बघा. जीभ मागे वळवून ट म्हटला की शेजारच्या स्वराचा तिसरा फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणारी तिसरी वारंवारता) खाली येतो. हा सगळा खेळ साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झच्या टापूत. वर सांगितलेल्या २२ पट्ट्यांपैकी त्या टापूला जेमतेम तीन येतात. म्हणजे मराठीतला एक अख्खा वर्ग ओळखायला मुलाच्या हाती एखाद्या इलेक्ट्रोडची सरकासरक आहे. महाप्राणाचं निराळंच. 'पाठ'मधला श्वास हा अशक्त, पसरट आवाज. शांत खोलीत तो आठांत निवडला जाईलही. पण शेजारी मिक्सर चालू झाला की सर्वांत जोरदार आठ पट्टे मिक्सरचेच असतात, श्वास सोडलेल्या चौदांत जातो. भ, घ, ध यांच्यातला घोगरेपणा तर मूळ स्वराच्या बारीक घडणीत असतो आणि ती घडणच एन्व्हलप काढताना फेकली जाते. निवड करताना पट्ट्यांना वेगळं वजन द्यावं का, आठऐवजी दहा घ्यावेत का, ध्वनीच्या सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांना झुकतं माप द्यावं का? प्रत्येक प्रश्न एकेका एम.टेक.चा विषय आहे आणि त्याचं उत्तर डॅलसमधून येणार नाही.

हे मोजायला मराठीची गोंगाटातली चाचणी लागेल. मी रोज वापरते त्या शब्दयाद्या शांत खोलीसाठी आहेत, आणि वर्षाकाठी चार वेळा येणारी मुलं त्या पाठ करून टाकतात. इतर भाषांनी यावर मॅट्रिक्स चाचणी हा तोडगा काढला. पाच जागा, प्रत्येक जागेला दहा शब्द, कुठलाही शब्द कुठल्याही शब्दाशी जुळवायचा. एक लाख वाक्यं होतात आणि कुणाला ती पाठ करता येत नाहीत. गोंगाट कमीजास्त करत निम्मे शब्द बरोबर येतील ती पातळी शोधायची. मी हे मराठीत कागदावर मांडून पाहिलं तेव्हा व्याकरण आडवं आलं. 'मीनाने पाच जुने पेरू आणले' ठीक, पण पेरूच्या जागी 'पिशव्या' आली की 'जुन्या' आणि 'आणल्या' करावं लागतं. म्हणजे शेवटचा शब्द ऐकून आधीचा ओळखता येतो आणि चाचणी फसते. त्यावर उपाय सोपा निघाला: सगळ्या वस्तू एकाच लिंगातल्या, अनेकवचनी घ्यायच्या. पिशव्या, वाट्या, खुर्च्या, टोप्या, चादरी. मग 'सुनीलने सात जुन्या वाट्या विकल्या', 'मीनाने दोन मोठ्या चादरी धुतल्या' असं काहीही कशालाही जुळतं. (सात टोप्या धुण्याचं कारण कुणी विचारत नाही, या चाचणीत अर्थ विचारायचा नसतो.) शब्द निवडताना सगळे ध्वनी बोलण्यात येतात त्या प्रमाणात यायला हवेत, प्रत्येक शब्द सारखाच कळायला हवा. यासाठी भाषाशास्त्राचं माणूस लागेल, आणि ते विद्यापीठात मिळेल.

गोंगाट कुठला घ्यायचा? इथे मी हटून बसणार आहे. संगणकाने तयार केलेली एकसारखी खरखर पायाभूत मोजमापासाठी ठेवा, पण सोबत पुण्याचा गोंगाट ध्वनिमुद्रित करा. लक्ष्मी रोडची संध्याकाळ, मंडई, पीएमपीची बस, मेट्रोचा भुयारी फलाट, कॉलेजची मेस. आणि गणपतीच्या आधी नदीपात्रात चालणारा ढोल-ताशांचा सराव. ताशाची थाप आली की प्रोसेसरचं स्वयंचलित नियंत्रण आवाज झटकन खाली ओढतं. ते पुन्हा वर येईपर्यंत शेजारी उभ्या आईचं वाक्य संपलेलं असतं. माझ्याकडची कितीतरी मोठी माणसं त्या दहा दिवसांत कॉइल काढून खिशात ठेवतात. हे नियंत्रण किती वेगाने आवळावं आणि किती सावकाश सोडावं यावर कुणी पुण्यात बसून काम करणार नाही तर कुठे करणार?

या सगळ्यानंतर, आणि नंतरच, इम्प्लांटधारक स्वयंसेवकांची पाळी. तिथे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांची चौकट पाळावी लागते, शल्यचिकित्सक आणि ऑडिओलॉजिस्ट सोबत लागतात. इम्प्लांटशी बोलणारी संशोधनाची साधनं कंपन्यांकडून किंवा विद्यापीठांकडून करार करून घ्यावी लागतात. अशा करारावर सही करायला विद्यार्थी चालत नाही, संस्था लागते. म्हणूनच हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं. विद्यार्थी मेमध्ये जातो; बोर्ड, कोड, ध्वनिमुद्रणं आणि परवानग्या विभागात राहिल्या पाहिजेत आणि पुढच्या गटाने मागच्याच्या खांद्यावरून सुरुवात केली पाहिजे. गुण देण्याची तुमची पद्धत यात आडवी येते हे मला ठाऊक आहे. "नवीन काय केलंत?" हा बाहेरच्या परीक्षकांचा पहिला प्रश्न असतो आणि "मागच्या वर्षीचा विलंब निम्म्यावर आणला" या उत्तराला ते फारसे गुण देत नाहीत. पण ते तुमच्या हातात आहे, माझ्या नाही.

पैशांबद्दल: पहिल्या टप्प्याला विभागाच्या नेहमीच्या प्रयोगशाळेच्या खर्चाबाहेर फारसं काही लागू नये. पुढच्यासाठी राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगासारख्या ठिकाणी एकत्र अर्ज करता येईल. एकत्र या शब्दावर माझा भर आहे. धनकवडीला भारती विद्यापीठात अभियांत्रिकी आणि ऑडिओलॉजी दोन्ही शिकवलं जातं, सी-डॅक आहे, सीओईपी आहे, ससूनपासून पुढे कान-नाक-घशाचे विभाग आहेत. प्रत्येकाने आपापला व्होकोडर लिहिण्यापेक्षा एकाने बोर्ड सांभाळावा, एकाने चाचणी, एकाने ध्वनिमुद्रणं.

माझ्या बाजूने काय देऊ शकते तेही लिहिते. शनिवारी दुपारी माझी ध्वनिरोधक खोली आणि कॅलिब्रेट केलेला ऑडिओमीटर मोकळा असतो, तो वापरा. मॅपिंग म्हणजे काय ते तुमच्या मुलांना बसून बघता येईल, अर्थात रुग्णाच्या संमतीने. मॅट्रिक्सच्या शब्दांचा माझा कच्चा तक्ता घेऊन जा आणि खुशाल फाडा. माझी अट एकच: प्रत्येक गटात एक तरी विद्यार्थी वाक्-श्रवण शाखेचा असावा, आणि त्याचं नाव आभारात न छापता लेखकांत छापावं.

आणि ध्वनिमुद्रणाबद्दल एक. ती वाक्यं फक्त सदाशिव पेठेतल्या आवाजात नकोत. माझ्याकडे मुलं येतात ती लातूर, सोलापूर, नगर, बीडहून. त्यांच्या घरात न आणि ण, ल आणि ळ आमच्यासारखे लागत नाहीत, आणि चाचणीने त्यांची आई जे बोलते तेच मोजायला हवं. निदान चार आवाज घ्या, त्यात दोन बायकांचे, एखादा मराठवाड्यातला, आणि जमलं तर एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलीचा. मधल्या सुट्टीत इम्प्लांटवाल्या मुलाच्या कानावर जास्तीत जास्त तोच पडतो.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ऑडिओलॉजिस्ट
पुणे